अडीच लाख डॉलरची मुभा

रिझर्व्ह बँकेच्या लेखी मी फार मोठा माणूस आहे. एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर परदेशात न्यायला, पाठवायला किंवा उधळायला तिने मला मुभा दिली आहे. आजच्या भावाने ही रक्कम दोन कोटींच्या वर जाते. बायकोलाही तितकीच मुभा आहे आणि ती माझ्यापेक्षा स्वतंत्र आहे. डोंबिवलीतल्या दोन महिन्यांच्या बाळालासुद्धा आहे. त्याच्या वतीने पालकांनी सही करायची आणि बाळाचं पॅन कार्ड काढून घ्यायचं, एवढंच. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने मनावर घेतलं, तर एप्रिल ते मार्च दहा लाख डॉलर बाहेर नेता येतात.

ही माहिती मी आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना दिली. ते युरोपला निघाले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "पण सहलीत जेवण धरलेलं आहे ना? मग एवढे कशाला लागतात?"

परकी चलनाचे आपले सगळे नियम वाचून काढले की एक गोष्ट कळते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खजिनदार नव्हते. त्याच्या डोळ्यांसमोर काळा चष्मा घातलेला, रात्री दोन वाजता धक्क्यावर ब्रीफकेस बदलणारा कोणीतरी होता. त्या माणसाला डांबून ठेवण्यासाठी कलमं लिहिली, पोटकलमं लिहिली, परिपत्रकं काढली. तो माणूस अर्थातच परिपत्रकं वाचत नाही. वाचतात ते खजिनदार. तेही छापून, पिवळ्या पेनाने रेघा मारून.

सरकारचा संशय अगदीच बिनबुडाचा होता, असं मात्र म्हणता येणार नाही. आपल्याकडे डॉलर खरोखरच नव्हते. सत्तरच्या दशकात अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलाला सरकार मोजून आठ डॉलर देत असे. त्याच्या आधी विलायतेला जाणाऱ्यांना तीन पौंड मिळत. आठ डॉलर घेऊन न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरायचं आणि नेणारा मित्र आला नाही, तर टॅक्सीचंसुद्धा पुरतं भाडं खिशात नाही. ती मुलं आता न्यू जर्सीतले आजोबा आहेत. ते आठ डॉलर त्यांनी पहिल्या दिवशीच संपवले असतील, पण त्यांची गोष्ट पन्नास वर्षं पुरली आहे. दर गणपतीत, दर दिवाळीत, नातवाने महागडे बूट मागितले की लगेच.

१९७३चा फेरा कायदा त्याच काळातला. त्या कायद्याखाली जास्तीचे डॉलर बाळगणारा माणूस गुन्हेगार ठरायचा आणि आत जायचा. पुढे १९९१ साली तर तिजोरीत काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकी चलन उरलं आणि जुलैत रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं. घरातलं सोनं गहाण टाकलेल्या बाईने पुढे मुलांच्या खिशातली चिल्लर तपासली तर तिला नावं ठेवू नयेत.

मग दिवस पालटले. १९९९ साली फेराच्या जागी फेमा कायदा झाला आणि २००० सालच्या १ जूनपासून तो लागू झाला. आता तुरुंगाऐवजी मुख्यतः दंड होतो, तोही रकमेच्या तिपटीपर्यंत. खजिनदारांना यातली सुधारणा पटलेली नाही. त्यांच्या मते तुरुंग बरा होता, तिथे पदरचं काही जात नाही. २००४ मध्ये माणशी २५,००० डॉलरची योजना आली आणि ती वाढत वाढत दोन लाखांवर गेली. २०१३च्या ऑगस्टमध्ये रुपया गडगडला, तेव्हा ती घाईघाईने ७५,००० वर आणली. आमच्या सोसायटीत या कपातीचा कोणाला फटका बसल्याचं ऐकिवात नाही. २०१५ मध्ये ती अडीच लाख झाली, तेव्हाही पेढे वाटले गेले नाहीत.

आता प्रत्यक्ष खरेदी. परदेश प्रवासाची खरी सुरुवात व्हिसापासून होत नाही, ती भाव काढण्यापासून होते. आणि मराठी माणूस भाव काढतो तो गूगलवर. गूगलवर दिसणारा भाव हा बँकांनी एकमेकींशी लाखो डॉलरचे व्यवहार करायचा भाव. तो पाचशे डॉलर घेणाऱ्या माणसाला या पृथ्वीतलावर कुठेही मिळत नाही. तरीही तो कागदावर लिहून घेऊन आपण मनी चेंजरच्या काउंटरवर जातो आणि तिथल्या मुलाला चोरी पकडल्यासारखा दाखवतो. तो मुलगा शांतपणे मागच्या फळ्याकडे बोट करतो. फळ्यावर प्रत्येक चलनापुढे दोन भाव असतात, एक विकण्याचा आणि एक घेण्याचा. दोन्ही त्याच्या बाजूने लिहिलेले. कोणत्याही देशात, कोणत्याही दिवशी, आपल्याला लागू होतो तो त्या दोघांतला वाईट.

"कमिशन नाही" अशी पाटी असेल, तर ते कमिशन त्या दोन भावांच्या फटीत जाऊन बसलेलं असतं. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर अशा पाट्या ओळीने दिसतात आणि गोरे पर्यटक त्या वाचून खूश होतात. आपण होत नाही. आपण विचारतो, "मग तुम्हाला काय सुटतं?" या प्रश्नाला आजवर कोणी सरळ उत्तर दिलेलं नाही.

वर जीएसटी आहे. नोटा बदलण्याच्या सेवेची किंमत सरकारने ठरवून टाकली आहे. लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का, पण किमान २५० रुपये. त्यावर अठरा टक्के. म्हणजे तुम्ही दहा डॉलर घ्या नाहीतर दोनशे, ४५ रुपये कर आहेच. खजिनदारांनी हे हिशेबात धरून चारदा थोडे थोडे घेण्याऐवजी एकदाच घ्यायचं ठरवलं. त्यात दुसरा नियम आडवा आला. पन्नास हजारांवर रोख रुपये घेत नाहीत, बँकेतूनच यावे लागतात. चेक लिहिताना त्यांचा हात किंचित थरथरला. एवढ्या रकमेचा चेक त्यांनी पूर्वी फक्त सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगला दिला होता, आणि त्यावर चेअरमनचीही सही होती.

प्रवासाच्या आधी साठ दिवसांच्या आतच चलन घेता येतं, हेही आहे. पुढच्या मे महिन्याच्या सहलीसाठी दिवाळीत युरो स्वस्त मिळतात म्हणून घेऊन ठेवू, हे चालत नाही. तूरडाळीत जे जमतं ते युरोत जमत नाही. काउंटरवरच्या मुलाला पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन असं सगळं दाखवायचं, फॉर्मवर प्रवासाचं कारण लिहायचं. आणि एका प्रवासाला रोख नोटा घ्यायच्या त्या जास्तीत जास्त ३,००० डॉलरच्या. बाकीचे कार्डावर. इराक आणि लिबियाला जाणार असाल तर ५,००० पर्यंत रोख चालतात. इराण, रशिया आणि जुन्या सोव्हिएत संघातल्या बऱ्याचशा देशांना जाणार असाल तर सगळेच रोख. हे वाचून खजिनदारांना लिबियाबद्दल थोडा वेळ आदर वाटला होता.

नोटा हातात आल्या की घरात लपवाछपवीचा विभाग सुरू होतो. तीन हजार डॉलर म्हणजे शंभराच्या तीस नोटा, एका पाकिटात सहज मावतात. पण एका ठिकाणी सगळं ठेवायचं नाही, ही शिकवण आपल्या रक्तात आहे. काही नोटा बनियनला आतून शिवलेल्या कप्प्यात, काही बायकोच्या पर्समधल्या पर्समध्ये, काही लाडवांच्या डब्याखालच्या वर्तमानपत्राखाली आणि थोड्या 'सहज लागल्या तर' वरच्या खिशात. पाचव्या दिवशी फ्रान्समध्ये कोणाला आठवत नाही की चारशे युरो कुठे आहेत. मग हॉटेलच्या खोलीत दोन्ही बॅगा उलट्या होतात, भडंग गादीवर सांडतं आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षंसुद्धा उकरून निघतात.

या नोटांना घडी घालायची नाही, हे आणखी एक. आग्नेय आशियातले मनी चेंजर डॉलरची नोट हातात घेऊन ती अशी न्याहाळतात की स्थळ पाहायला आलेल्यांनी लाजावं. घडीची रेघ चालत नाही. कोपऱ्यावर कोणीतरी पेनाने केलेली टिकली चालत नाही. फ्रँकलिनचा चेहरा लहान असलेली जुनी नोट असेल तर भाव कमी किंवा सरळ नकार. अमेरिकी सरकार मात्र म्हणतं की आमची कुठलीही नोट, कधीही छापलेली, चालतेच. ते वॉशिंग्टनमध्ये बसून म्हणतं. आपण उभे असतो बालीत. तिथल्या गल्लीत भाव इतका चांगला लावलेला असतो की शंका यावी, आणि शंका यायच्या आत मोजणाऱ्याची बोटं नोटांच्या थप्पीतून दोन नोटा टेबलाखाली पाडून मोकळी झालेली असतात. इथे मात्र खजिनदारांसारख्यांना कोणी हात लावू शकत नाही. त्यांनी तिथे थप्पी तीनदा मोजली, प्रत्येक वेळी ढीग स्वतःकडे ओढून. तिसऱ्या वेळी त्या माणसाने आपण होऊन एक नोट परत ठेवली.

व्हिएतनाममध्ये वेगळीच गंमत होते. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग. दहा हजार रुपये दिले की तीस लाख येतात. आयुष्यभर पीएफचे हिशेब केलेला माणूस एकदम कोट्यधीशांच्या शेजारी जाऊन बसतो. पण वीस हजारांची नोटही निळी आणि पाच लाखांचीही निळी. एकीत पासष्ट-सत्तर रुपये, दुसरीत सोळाशेच्या वर. शहाळं वीस हजारांचं असतं. संध्याकाळी अंधुक उजेडात ते पाच लाखांचं होऊ शकतं. आमच्या ग्रुपमधल्या वहिनींनी यावर उपाय काढला. पाच लाखांच्या नोटा त्यांनी मंगळसूत्राच्या डबीत ठेवल्या आणि बाहेर फक्त चिल्लर काढली.

थायलंडची तऱ्हा निराळी. आपल्याला तिथे विमानतळावर व्हिसा घ्यावा लागे तेव्हा माणशी दहा हजार बाट दाखवा, कुटुंब असेल तर वीस हजार, असा नियम होता. दाखवा म्हटलं होतं, खर्च करा म्हटलेलं नव्हतं. तेव्हा एकाच कुटुंबाचे वीस हजार रांगेत मागे मागे सरकत सगळ्या ग्रुपने दाखवले, असं एका टूर मॅनेजरने मला शपथेवर सांगितलं. खरंखोटं तो जाणे. पण ज्या राज्यात भिशी चालते तिथल्या माणसांना हे सुचणारच.

नेपाळ-भूतानला जाणाऱ्याला परकी चलन मिळतच नाही, आपलेच रुपये न्यायचे. भूतानचा न्गुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचा आणि नेपाळचा रुपया १९९३ पासून एका ठरावीक भावाला बांधलेला: आपले शंभर, त्यांचे एकशे साठ. इतकं सोपं असल्यावर काहीतरी अडायलाच हवं. २०१८च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांना बंदी केली. त्यानंतर पशुपतिनाथाला निघालेल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने बँकेत जाऊन माणशी चाळीस हजार शंभरांत मागितले. म्हणजे माणशी चारशे नोटा, आणि माणसं बावीस. कॅशियरने आधी संघाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग मॅनेजरच्या केबिनकडे. एवढ्या शंभराच्या नोटा एका बॅगेत घेऊन फिरणारा ज्येष्ठ नागरिक हुबेहूब त्या काळ्या चष्म्याच्या माणसासारखा दिसतो. फरक एवढाच की त्याच्या बॅगेत वर मफलर असतो.

परदेशात पोचल्यावर मग गुणाकार सुरू होतात. पॅरिसमध्ये कॉफी पाच युरो. खजिनदार तोंडाने काही बोलत नाहीत, पण ओठ हलतात. पाचशेच्या वर. रस्ता ओलांडताना ते परत मोजतात, उत्तर बदलत नाही. कार्डाने पैसे द्यायची वेळ आली की मशीन अदबीने विचारतं, रुपयांत घेऊ की युरोत? इथे आपल्यातला देशभक्त जागा होतो. परक्या भूमीवर रुपया! तो बटण दाबतो. रुपयांत घेतलं की भाव त्या दुकानाच्या मशीनवाल्यांचा लागतो, तो नेहमीच चढा असतो. युरोच म्हणायचं. प्रवासाला निघणाऱ्याला मी एवढी एकच सूचना देतो, आणि ती कोणी पाळत नाही, कारण रुपयांचा आकडा समोर दिसला की निदान ओठ हलवावे लागत नाहीत.

२०२४च्या फेब्रुवारीपासून आयफेल टॉवरचं तिकीट यूपीआयने काढता येतं. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी ते काढलं आणि टॉवरच्या फोटोआधी व्यवहार यशस्वी झाल्याचा हिरवा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. त्याला टॉवरपेक्षा जास्त अंगठे मिळाले.

आता परतीचं. सहल संपली, खजिनदार उतरले. तीन हजार डॉलरचे युरो नेले होते, त्यातले चारशे खर्च झाले होते. त्यातलेही साठ युरो प्रसाधनगृहांवर गेले, असं त्यांचं म्हणणं आहे. ग्रीन चॅनलमधून येताना त्यांनी कस्टमच्या अधिकाऱ्याला आपण होऊन गाठलं आणि चलनाचा फॉर्म मागितला. अधिकाऱ्याने रक्कम विचारली. तो फॉर्म रोख ५,००० डॉलर किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तरच भरायचा असतो. "काका, घरी जा," तो म्हणाला. खजिनदारांना हे आवडलं नाही. त्यांनी फॉर्म भरण्यासाठी खास काळं पेन नेलं होतं.

उरलेलं चलन १८० दिवसांत बँकेला परत करायचं. त्यातले २,००० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं दुसरं चलन स्वतःजवळ ठेवता येतं, पुढच्या वेळेसाठी. नियमात यापुढेही सोय आहे. भारतात आलेल्या परदेशस्थ माणसाने भेट म्हणून किंवा मानधन म्हणून दिलेलं चलनही या दोन हजारांत बसतं. कायदा लिहिणाऱ्यांनी इतकं पुढचं कसं पाहिलं, मला समजत नाही. कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या कपाटांत असलेली वीस डॉलरची नोट अशीच आलेली असते. कॅलिफोर्नियाची भाची आली, वाकून नमस्कार केला, हातात नोट ठेवली. आत्याने ती साडीच्या घडीत ठेवली आणि आता ती कायद्याच्या संरक्षणाखाली तिथेच आहे.

आणि नाणी. परकी नाणी कोणीही, कितीही बाळगावीत, मर्यादा नाही, असं नियमात स्वच्छ म्हटलं आहे. इतकी वर्षं आठ डॉलर मोजून देणारं सरकार इथे अचानक हात सैल सोडतं. उदारपणाचं कारण उघड आहे: आपल्याकडे परकी नाणी कुठलाच मनी चेंजर घेत नाही. पण ही चिल्लर साधी नसते. स्वित्झर्लंडमध्ये दहा फ्रँकच्या खाली नोटच नाही, तेव्हा पाच फ्रँकचं एक नाणं म्हणजे आपले पाचशेच्या वर रुपये. जपानचं पाचशे येनचं नाणंही काही कमी नाही. माझ्या ओळखीत एका घरात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात सात-आठ हजारांची रक्कम आवाज करत पडलेली आहे. नातवंडं तिने व्यापार खेळतात. एक फ्रँक दिला की अख्खी मुंबई विकत मिळते.

नोटांचंही फार भलं नाही. ब्रिटनने आपल्या कागदी नोटा एकेक करून बाद केल्या. पाच पौंडाची २०१७ मध्ये, दहाची २०१८ मध्ये, वीस आणि पन्नासच्या ३० सप्टेंबर २०२२ नंतर. प्लॅस्टिकच्या आल्या. इकडे आमच्या मामांकडे लंडनच्या भाच्याने दिलेली वीस पौंडाची कागदी नोट पोथीत खूण म्हणून होती. पौंड वाढतोय, विकायची घाई नको, असं ते दर वर्षी म्हणायचे, आणि पौंड खरोखर वाढत होता. गेल्या दिवाळीत ते ती घेऊन मनी चेंजरकडे गेले. मुलाने नोट उजेडात धरली आणि परत दिली.

मामा खचले नाहीत. त्यांनी चौकशी केली. बँक ऑफ इंग्लंड आपली जुनी नोट केव्हाही बदलून देते, मुदत नाही. पोस्टानेही पाठवता येते, पण पोस्टावर मामांचा विश्वास नाही. समक्ष गेलेलं बरं. बँक थ्रेडनीडल स्ट्रीटवर आहे, पासपोर्ट दाखवावा लागेल. मामींचा व्हिसा, दोघांची तिकिटं आणि सहा रात्री धरून बजेट साडेचार लाखांवर गेलं आहे. मामा म्हणतात, त्यातून वीस पौंड वजा करायचे.